हेल्मेटमुळे लायसन्स ३ महिन्यांसाठी निलंबित झालं, एजंट म्हणतो ‘पैसे द्या, लगेच सोडवतो’. काय करू?

एजंटच्या नादी लागू नका. १००० रुपयांचं चलान भरलं म्हणजे निलंबन उठलं, असं होत नाही. दोन्ही वेगळ्या शिक्षा आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ड मध्येच दंड आणि ३ महिन्यांची अपात्रता, दोन्ही लिहिलेली आहेत.

आरटीओचा लेखी आदेश हातात आहे का, ते आधी बघा. कलम १९ प्रमाणे आदेशापूर्वी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. नुसती कारणे दाखवा नोटीस असेल तर मुदतीत लेखी उत्तर द्या आणि पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. तो शिक्का पुढे फार कामाला येतो. आदेश निघाला असेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. पण चलानसोबतच्या फोटोत डोकं उघडं, म्हणजे हेल्मेटशिवाय, दिसत असेल तर अपिलात वेळ घालवू नका, रिक्षाने फिरा.

मुदत संपल्यावर लायसन्स आपोआप घरी येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चालकांचा उजळणी प्रशिक्षणवर्ग पूर्ण करावा लागतो, तो कुठे करायचा हे आरटीओतच विचारा.

आणि या काळात ‘कोपऱ्यापर्यंतच’ म्हणूनही गाडी काढू नका. कलम १८२ खाली ३ महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.