‘एक्सुबेरान्ते’मध्ये एच नाही

स्पॅनिश शिकणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, ‘एक्सुबेरान्ते’ हे विशेषण लिहिताना ‘एक्स’नंतर ‘एच’ घालावा की नाही, त्याचा उच्चार कसा करावा आणि ‘उत्साही’ या अर्थाने ते माणसांना लावता येईल का.

एच घालू नये. स्पॅनिशमध्ये या अक्षराला ‘आचे’ म्हणतात आणि त्याचा उच्चार होत नाही, त्यामुळे ते कोठे आहे आणि कोठे नाही हे कानाला कळत नाही. ज्यांची मातृभाषाच स्पॅनिश आहे असे लोकही या शब्दात एच घुसडतात आणि तो वारंवार पाहून मला आता मनस्वी चीड येते. चुकीचे कारण उघड आहे. थकलेला या अर्थाच्या ‘एक्साउस्तो’मध्ये, श्वास सोडणे या अर्थाच्या ‘एक्सालार’मध्ये आणि पुरलेले उकरून काढणे या अर्थाच्या ‘एक्सुमार’मध्ये एक्सनंतर खरोखरच एच आहे, म्हणून तो येथेही असावा असे हाताला वाटते. पण त्या शब्दांतला एच लॅटिन धातूंतून आलेला आहे. ‘एक्साउस्तो’च्या मुळाशी पाणी उपसणे या अर्थाचा ‘हाउरीरे’ आहे, म्हणजे थकलेला माणूस हा मुळात उपसून कोरडी केलेली विहीर होय. याउलट अवाजवी या अर्थाच्या ‘एक्सोर्बितान्ते’मध्येही लोक असाच एच घालतात, परंतु त्याचे मूळ ‘ओर्बिता’, म्हणजे गाडीच्या चाकाने जमिनीत पडलेली चाकोरी, असे आहे. चाकोरी सोडून गेलेले ते अवाजवी, ही कल्पना मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये.

आता ‘एक्सुबेरान्ते’कडे येऊ. त्याच्या पोटात लॅटिनमधला ‘ऊबेर’ हा शब्द आहे आणि ऊबेर म्हणजे गाईची कास. आजच्या स्पॅनिशमध्येही कासेला ‘उब्रे’ म्हणतात. दुधाने तटतटून कास वाहू लागावी, तसे जे ओसंडते ते एक्सुबेरान्ते. हाच शब्द आपल्याकडे संस्कृतात ‘ऊधस्’ म्हणून नांदतो आणि ऋग्वेदात त्याचे ‘ऊधर्’ असे रकारान्त रूपही येते, जे लॅटिन शब्दाशी थेट जुळते. ‘ध’चा ‘ब’ कसा झाला अशी शंका येईल, तर संस्कृत ‘रुधिर’ आणि तांबडा या अर्थाचा लॅटिन ‘रुबेर’ ही जोडी शेजारी ठेवून पाहावी. तेथेही उकारानंतरच्या ‘ध’च्या जागी लॅटिनने ‘ब’च घेतला आहे.

कालिदासाने रघुवंशाच्या पहिल्या सर्गात नंदिनी धेनूला ‘कुण्डोध्नी’, म्हणजे कुंडाएवढी कास असलेली, असे म्हटले आहे. वासराला पाहताच तिचे कोमट दूध आपोआप वाहू लागते आणि भूमी भिजवते. ‘एक्सुबेरान्ते’ या शब्दाचे याहून नेमके चित्र मला कोणत्याही युरोपीय कोशात मिळालेले नाही. आपला ‘पान्हा’ हा शब्दही अशा वाहण्याच्याच ‘प्रस्नव’ या संस्कृत शब्दापासून आला आहे, म्हणून मी ‘एक्सुबेरान्ते’चा अर्थ विद्यार्थ्यांना ‘पान्हावलेला’ असाच सांगतो. काही जण या शब्दाचा संबंध वर, पलीकडे या अर्थाच्या जर्मन ‘युबर’शी जोडतात. ते सपशेल चूक आहे. तो जर्मन शब्द आपल्या ‘उपरि’चा नातलग आहे, तर ‘ऊधस्’चा जर्मन नातलग कास या अर्थाचा ‘ऑयटर’ हा आहे.

जे ऐकू येत नाही ते लिहावेच कशाला, असा पक्ष जुना आहे आणि त्यात मोठी माणसे आहेत. स्पॅनिशचे व्याकरणकार आंद्रेस बेयो यांनी 1823 मध्येच मूक एच गाळण्याची सूचना केली होती आणि कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी 1997 मध्ये मेक्सिकोतील साकातेकास येथे भरलेल्या स्पॅनिश भाषेच्या परिषदेत हे पुरातन एच पुरून टाकावेत असे आवाहन केले. या दोघांविषयी पूर्ण आदर बाळगूनही मी म्हणेन की, त्यांचे म्हणणे मानले असते तर उपसलेली विहीर आणि ओसंडती कास यांच्यातला कागदावर दिसणारा हा भेद पुसला गेला असता. अंडे या अर्थाच्या ‘ह्वेवो’ या शब्दात लॅटिनमध्ये नसलेला एच घातला आहे, हा त्यांच्या पक्षाचा आवडता दाखला मला मान्य आहे. पण तो एच निष्कारण आलेला नाही. ‘यू’ आणि ‘व्ही’ ही अक्षरे पूर्वी एकच असल्यामुळे आरंभीचा ‘यू’ स्वर म्हणून वाचावा, एवढ्यासाठी त्याच्याआधी हा एच लिहीत असत.

अर्थाबाबत सावध राहावे. इंग्रजीतल्या ‘एग्झ्युबरंट’मध्ये उत्साहाची छटा वर आली आहे, पण स्पॅनिशमध्ये विपुलता हाच मुख्य अर्थ असून अरण्य, पालवी, कल्पनाशक्ती यांना हे विशेषण शोभते. स्त्रीला ते लावले तर भरलेल्या अंगाची असा अर्थ ऐकणाऱ्याच्या मनात येतो, तेव्हा आपल्या उत्साही शिक्षिकेचे कौतुक या शब्दाने मुळीच करू नये. रूप दोन्ही लिंगांत एकच राहते.

उच्चारताना इंग्रजीतला ‘झ’ आणि ‘यु’ पूर्णपणे विसरावा. ‘क्स’ स्वच्छ म्हणावा, ‘ब’ म्हणताना ओठ पुरते मिटू देऊ नयेत, जोर ‘रान्’वर द्यावा आणि शेवटचा ‘ते’ आपल्या मराठी ‘ते’सारखा दंत्य ठेवावा, ‘टे’ कधीही नव्हे.