सीपीआरबद्दल विचारताना आधी खुर्ची ओढून बस

सीपीआर म्हणजे बंद पडलेलं हृदय छाती दाबून पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न. तो करायचा का, हे डॉक्टर म्हणून रुग्णाला विचारताना पलंगाच्या पायाशी उभं राहून, हातात फाइल धरून ‘हृदय बंद पडलं तर चालू करायचं का?’ असं कधीही विचारू नकोस. असं विचारलं की कुणीही ‘हो’च म्हणणार. आधी बस, मोबाइल सायलेंट कर आणि विचार, ‘तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय?’ मग गप्प राहा. ही शांतता जड जाते, पण रुग्ण खरं बोलतो ते तिच्यातच.

एका आजोबांनी मला सांगितलं होतं, ‘नातीला ओळखता आलं पाहिजे, बाकी काही नको.’ पुढचं सगळं त्या एका वाक्यावर ठरलं.

सीपीआर म्हणजे काय, तेही सोप्या शब्दांत सांग: छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाबतात, बरगड्या मोडू शकतात. रुग्णालयात हृदय थांबलेल्यांपैकी घरी जातात ते साधारण पाचांत एक. आजार शेवटच्या टप्प्यात असेल तर त्याहूनही कमी. ‘सीपीआर नको’ म्हणजे ‘उपचार बंद’ नव्हे, हे दोनदा सांग. अँटिबायोटिक, ऑक्सिजन, वेदनाशामक चालूच राहतात. तुझं वैद्यकीय मतही स्पष्ट दे. सगळा भार नातेवाइकांवर टाकू नकोस.

बोलणं झालं की लगेच केसपेपरवर लिही आणि रात्रपाळीच्या सिस्टरना स्वतः सांग.