जेआरएफ मिळाली, राजीनामा कधी द्यावा?

प्रश्न : मी २६ वर्षांची असून एम.एस्सी. (रसायनशास्त्र) झाल्यावर तीन वर्षांपासून कुरकुंभ एमआयडीसीतील एका औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागात काम करते. हातात ३४,००० रुपये येतात. राहण्या-जेवण्यावर ९,०००, घरी ८,०००, घरदुरुस्तीच्या कर्जाचा हप्ता ८,२०० (अजून २८ हप्ते बाकी) आणि एसआयपी (म्युच्युअल फंडातील दरमहाची गुंतवणूक) ३,००० असा खर्च आहे. एफडी १,१०,००० व म्युच्युअल फंडात ६२,००० आहेत. सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेत मला जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, म्हणजे पीएच.डी. करताना दरमहा विद्यावेतन देणारी अधिछात्रवृत्ती) मिळाली असून पुण्यात पीएच.डी.साठी अर्ज करायचे आहेत. मुलाखतींच्या तयारीसाठी आताच राजीनामा द्यावा का? वडिलांचे म्हणणे असे की पगार सोडून विद्यावेतनावर जाऊ नये, आणि जायचेच असेल तर आधी एफडी मोडून कर्ज फेडावे.

उत्तर : पीएच.डी. करावी की नाही हा निर्णय तुमचा आहे. मी फक्त त्याची पैशाची बाजू पाहतो. वडिलांची पहिली शंका आकड्यांवर टिकत नाही. जानेवारी २०२३ पासून जेआरएफचे विद्यावेतन दरमहा ३७,००० रुपये आहे आणि दोन वर्षांनंतर कामाचा आढावा समाधानकारक ठरल्यास एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) म्हणून ते ४२,००० होते. वसतिगृहात राहिला नाहीत तर घरभाडे भत्ताही मिळतो. पुण्यासाठी त्याचा मूळ दर २४ टक्के असून महागाई भत्त्याबरोबर तो वाढत जातो, तरी मी हिशेबात २४ टक्केच धरले आहेत. म्हणजे सुरुवातीला ४५,८८० आणि एसआरएफ झाल्यावर ५२,०८० रुपये. तुमचा पगार दरवर्षी आठ टक्क्यांनी वाढला असे मानले, तरी पाचव्या वर्षी तो साधारण ४६,००० पर्यंत पोहोचतो. शिवाय शिक्षणासाठी दिलेली शिष्यवृत्ती आयकरातून मुक्त आहे. नुकसान होते ते भविष्य निर्वाह निधीतील कंपनीच्या वाट्याचे आणि ग्रॅच्युइटीचे. आकस्मिक खर्चासाठी मिळणारे वर्षाचे २०,००० रुपये मात्र संशोधनाच्या कामासाठी असतात, ते घरखर्चात धरू नयेत.

खरी अडचण पैसे हातात पडण्याच्या तारखेची आहे. निवड, नोंदणी, रुजू झाल्याचा अहवाल, बँकेची कागदपत्रे आणि मंजुरी या साखळीत एक कडी अडली की सगळे थांबते. माझ्याकडे येणारा एक संशोधक विद्यार्थी ऑगस्टमध्ये रुजू झाला आणि त्याचे पहिले पैसे फेब्रुवारीत, सगळे महिने एकदम, खात्यात आले. तोवर खाणावळवाल्याची उधारी आणि मित्राचे हातउसने यांवर त्याने दिवस काढले. पैसे बुडाले नाहीत, पण कर्जाचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेलाच जातो, थकबाकी येईपर्यंत तो थांबत नाही.

म्हणून सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला हवा. पुण्यात खोली व जेवणाचे १६,००० धरले, तर घरचे ८,००० आणि हप्ता मिळून महिन्याला ३२,२०० रुपये लागतील. सहा महिन्यांचे १,९३,२००. तुमच्याकडे एफडी व फंड मिळून १,७२,००० आहेत, म्हणजे २१,२०० कमी पडतात. सध्या तुमचे महिन्याला ५,८०० शिल्लक राहतात. एसआयपी थांबवली तर ८,८०० राहतील आणि तीन महिन्यांत ही तूट भरून थोडे वरही उरेल. फंडातील रक्कम याच काळात टप्प्याटप्प्याने काढून बचत खात्यात ठेवा, कारण सहा महिन्यांत लागणारा पैसा बाजाराच्या चढउतारावर सोडता येत नाही.

यावरून राजीनाम्याचे उत्तर मिळते. आता देऊ नका. अर्ज नोकरीत राहूनच करा, मुलाखतींना रजा घेऊन जा, आणि प्रवेशाचे पत्र व रुजू होण्याची तारीख हातात आल्यावरच नोटीस द्या. नोटीसचा कालावधी किती आहे हे नेमणूकपत्रात आधी पाहून ठेवा आणि जेआरएफच्या पत्रावरील मुदतीशी ताडून घ्या.

एफडी मोडून कर्ज फेडण्याचा सल्ला एरवी मीही दिला असता. पण पहिले सहा महिने तुम्हाला व्याज वाचवण्यापेक्षा रोकड हवी आहे आणि विद्यावेतनावर नवे कर्ज मिळवणे नोकरदाराइतके सोपे नसते. चालू हप्ते तसेच भरत राहिलात तर कर्ज संपण्याची वेळ आणि एसआरएफची वाढ साधारण एकाच सुमारास येईल, हा योग चांगला आहे.

भविष्य निर्वाह निधीला हात लावू नका. पाच वर्षे सेवा पूर्ण होण्याआधी तो काढल्यास करपात्र ठरतो, खात्यात राहू दिल्यास व्याज मिळत राहते. आईवडील कंपनीच्या समूह आरोग्यविम्यात असतील, तर त्यांचे संरक्षण तुमच्या राजीनाम्याबरोबर संपेल. वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे का, हे नोटीस देण्याआधी एचआरकडून लेखी घ्या. वडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर याला बाकी सगळ्याहून आधी हात घाला, कारण नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो. महाज्योती, सारथी किंवा बार्टी या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती जेआरएफच्या जोडीला घेता येईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. एका वेळी एकच घेता येते.

विद्यावेतन वर्षाला वाढत नाही, हेही ध्यानात ठेवा. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते २५,००० झाले, जानेवारी २०१९ मध्ये ३१,००० आणि त्यानंतर थेट २०२३ मध्ये ३७,०००. मधल्या वर्षांत भाडे आणि भाजी मात्र वाढतच राहिली. जेआरएफ व एसआरएफ मिळून मुदत पाच वर्षांची असते आणि प्रबंध तर अनेकदा सहाव्या वर्षात जातो. तेव्हा मुलाखतीत मार्गदर्शकांना विचारा की त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली आणि अधिछात्रवृत्ती संपल्यावर प्रयोगशाळेच्या प्रकल्पातून त्यांना काही मिळाले का. हप्ता संपल्यावर दरमहा मोकळे होणारे ८,२०० रुपये त्या सहाव्या वर्षासाठी वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका.