घाटात पद्मिनी नॉकिंग करते? कार्बोरेटरच्या आधी टायमिंग बघा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: 1984 ची प्रीमियर पद्मिनी, खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गियरला ऍक्सिलरेटर दाबला की इंजिनातून कडकड येते. चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार गचके खातं. मेकॅनिकने कार्बोरेटर खोलून धुतला, मिक्स्चर स्क्रू सोडून 'पेट्रोल वाढवून' दिलं, तरी फरक नाही. आता सगळे ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला दोष देतायत.

तो मिक्स्चर स्क्रू कितीही फिरवला तरी घाटातला आवाज जाणार नाही. सोलेक्समध्ये, म्हणजे या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये, तो फक्त आयडलच्या वाटेवर बसलेला असतो. थ्रॉटल उघडायला लागला की त्याचा प्रभाव ओसरतो आणि पुढे पेट्रोल येतं ते मेन जेटमधून (पेट्रोलचं मुख्य, ठरावीक मापाचं भोक). त्यामुळे मेकॅनिकने उभ्या गाडीत जे काही जुळवलं, त्याचा चढावर पूर्ण लोड असताना संबंधच नाही. दुसरं, या इंजिनाचं मूळ डिझाइन 1937 च्या फियाट 508 सी चं आहे. 1089 सीसी, आजच्या मानाने कॉम्प्रेशन कमी. ऑक्टेन म्हणजे नॉकिंग सहन करायची पेट्रोलची ताकद; आपल्याकडे पूर्वी 87 ऑक्टेनचं पेट्रोलही मिळायचं आणि त्यावर या गाड्या घाट चढत होत्या. आजच्या साध्या पेट्रोलचा रिसर्च ऑक्टेन किमान 91 आणि ई-20 चा किमान 95. म्हणजे ऑक्टेन कमी पडतंय म्हणून नॉकिंग होतंय, हे इथे पटत नाही. ई-20 चा त्रास आहे, पण तो वेगळा, त्याकडे येतोच.

आधी आवाज नक्की नॉकिंगचाच आहे ना, ते ठरवा. रिकाम्या पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा, इंजिन गरम असताना, कमी आरपीएमला जास्त पाय दिल्यावर येणारा आणि पाय उचलताच क्षणात जाणारा आवाज म्हणजे पिंगिंग, अर्थात नॉकिंग. टॅपेटचा टकटक आवाज आयडललाही असतो आणि लोडने फारसा बदलत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग फुंकत असेल तर थंड इंजिनात टिकटिक जास्त, गरम झाल्यावर कमी. बिग एंडचा ठोका जड आणि खोलातून येतो, तो तुमच्या वर्णनाशी जुळत नाही. शंका उरलीच तर टायमिंग (प्लगची ठिणगी कधी पडते ते; पुढे म्हणजे लवकर, मागे म्हणजे उशिरा) दोन-तीन अंश मागे घ्या आणि त्याच चढावर, त्याच गियरला गाडी काढा. आवाज गेला तर ते नॉकिंगच.

आता मुख्य संशयित. आपल्याकडे टायमिंग कानाने लावायची सवय आहे. गाडी उभी, इंजिन चालू, डिस्ट्रिब्युटर (प्लगांना आळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) हाताने फिरवत न्यायचा आणि जिथे रेस सगळ्यात जास्त वाढेल तिथे बोल्ट आवळायचा. लोड नसताना इंजिनाला जास्त ऍडव्हान्स (लवकर ठिणगी) आवडतो, म्हणून या पद्धतीने टायमिंग जवळजवळ नेहमीच गरजेपेक्षा पुढे जातं. गावात पिकअप छान वाटतो, मालक खूश, आणि घाटात कडकड. माझा अंदाज, तुमच्या गाडीचं हेच झालंय.

क्रम असा ठेवा: पहिल्यांदा पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांची) गॅप, मगच टायमिंग. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं, त्यामुळे उलट क्रमाने केलेलं काम वाया जातं. गॅप साधारण 0.4 मिमीच्या आसपास असते, पण तुमच्या गाडीवर कोणत्या कंपनीचा डिस्ट्रिब्युटर बसलाय ते पाहून त्याचाच आकडा धरा. इतक्या वर्षांत तो बदललेला असू शकतो. पॉइंटवर खड्डा आणि टेंगूळ झालं असेल तर फीलर गेज फसवतो, तेव्हा पॉइंट नवेच टाका.

पुलीवरच्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. जुन्या गाडीत दुसऱ्याच गाडीची पुली निघाल्याचं पाहिलंय. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढा, भोकातून प्लॅस्टिकची लांब नळी सोडा, क्रँक हाताने फिरवून पिस्टन सगळ्यात वर आणा आणि त्या वेळी खूण कुठे येते ते बघा. नळी मध्ये अडकणार नाही एवढी लांब हवी. खूण चुकीची निघाली तर नवी रंगवून घ्या. मग टायमिंग लाइट लावा. डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूमचा डबा असेल तर त्याची नळी काढून तोंड बंद करा, आयडल खाली आणा आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर टायमिंग बांधा. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने डिस्ट्रिब्युटर फिरवला की टायमिंग मागे जातं, उलट फिरवला की पुढे. डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन, म्हणून अगदी केसभर हलवा.

एवढ्यावर थांबू नका. लाइट तसाच धरून रेस हळूहळू वाढवा आणि खूण कशी सरकते ते बघा. ती सावकाश, एकसारखी पुढे जायला हवी. जरा रेस वाढवताच झटकन शेवटपर्यंत पळाली तर डिस्ट्रिब्युटरमधल्या वजनांच्या स्प्रिंगा सैल पडल्यात. आयडलला आकडा बरोबर दिसतो, पण मधल्या आरपीएमला, म्हणजे नेमकं घाटात, ऍडव्हान्स जास्त होतो. हे कुणी तपासत नाही. रोटर बोटांनी थोडा पिळून सोडा, तो झटक्यात जागेवर यायला हवा.

टायमिंग बरोबर निघालं तरच पुढे जा. पुढचा विषय उष्णता. रेडिएटर खालून गाळाने भरलाय का, बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं घालून वॉटर जॅकेटमध्ये क्षार चिकटलेत का, ते बघा. चावी बंद केल्यावर इंजिन चालत राहतं, त्याची कारणं सहसा तीन: आयडल फार वर ठेवलेलं, कंबशन चेंबरमध्ये साठलेला आणि लाल होणारा कार्बन, किंवा चुकीच्या हीट रेंजचे प्लग. तुमच्या गाडीची चाल फार कमी असेल तर कार्बनचा संशय वाढतो. कॉम्प्रेशन टेस्ट करा. आकडे पुस्तिकेपेक्षा बरेच वर आले तर एकतर कार्बन आहे, नाहीतर मागच्या ओव्हरहॉलला हेड जास्त घासून घेतलंय. मागून निळा धूर असेल तर व्हॉल्व्ह गाइड किंवा पिस्टन रिंगांमधून ऑइल चेंबरमध्ये जातंय, आणि ऑइल मिसळलं की मिश्रणाची नॉकिंग सहन करायची ताकद कमी होते. इंजिन थांबत नसेल तेव्हा ब्रेक दाबून, गियर टाकून क्लच सोडा म्हणजे बंद पडेल. हा तात्पुरता उपाय.

आता कार्बोरेटर आणि ई-20. निव्वळ पेट्रोलला एका भागामागे वजनाने 14.7 भाग हवा लागते, ई-20 ला साधारण 13.5. जेट तोच राहिला तर मिश्रण अंदाजे 8 टक्के पातळ (गरजेपेक्षा पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं. पातळ मिश्रण गरम जळतं आणि पूर्ण लोडला नॉकिंगला आमंत्रण देतं. मात्र आधी फुकटची हवा कुठून शिरतेय ते शोधा. थ्रॉटलचं स्पिंडल झिजून खळखळत असेल, खालचा फ्लँज जास्त आवळून वाकला असेल, तर कितीही जेट बदला, उपयोग नाही. आयडलला स्पिंडल आणि पॅकिंगपाशी पिचकारीने साबणाचं पाणी मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथूनच हवा शिरतेय. चालू, गरम इंजिनावर पेट्रोल मारायचा उद्योग करू नका. फ्लोटची पातळी कमी असेल किंवा पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम थकला असेल तर चढावर फ्लोट चेंबर रिकामा होत जातो आणि मिश्रण पातळ पडतं. जुना रबर डायफ्रॅम, नीडल व्हॉल्व्हचं टोक आणि पाइप इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, म्हणून हे सगळं इथेनॉल चालणाऱ्या मालाचंच घ्या. इथेनॉल टाकीतला जुना गाळही सोडवून आणतं, तेव्हा फिल्टर लावा.

एवढं झाल्यावर आयडल. इंजिन पूर्ण गरम, चोक पूर्ण उघडा, एअर फिल्टर बसवलेला. मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या, दाबून आवळू नका, नाहीतर टोकाला कड पडते. मग दीड फेरा बाहेर. तिथून थोडा आत-बाहेर करून रेस सगळ्यात वर जाईल ती जागा धरा, थ्रॉटलच्या स्क्रूने आयडल खाली आणा, आणि हेच पुन्हा करा. सोलेक्समध्ये हा स्क्रू बाहेर काढला की मिश्रण घट्ट होतं. टू-व्हीलरवाले मेकॅनिक बऱ्याचदा उलट फिरवतात, कारण अनेक बाइकच्या कार्बोरेटरमध्ये तो हवेचा स्क्रू असतो. स्क्रूने काहीच फरक पडत नसेल तर आयडल जेट तुंबलाय, किंवा आयडल एवढं वर ठेवलंय की थ्रॉटलने पुढची भोकं उघडी टाकलीत.

मेन जेट सगळ्यात शेवटी. त्यावरचा आकडा स्थूलमानाने भोकाचा व्यास सांगतो: 120 म्हणजे 1.20 मिमी. 120 चा 125 केला तर क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे ई-20 चा फरक जवळजवळ भरून निघतो. एका वेळी एकच पायरी चढा, आणि तार किंवा ड्रिलने भोक मोठं करू नका. असे बिघडवलेले जेट बाजारात 'रिकंडिशन' म्हणून विकले जातात. प्लगच्या रंगावर फार विसंबू नका, आताच्या पेट्रोलवर तो फिका राहतो. एक्झॉस्टमध्ये वाइडबँड मीटर (मिश्रण मोजणारा) बसवता आला तर पूर्ण पायाला लॅम्डा (आलेली हवा भागिले लागणारी हवा; 1 च्या खाली म्हणजे घट्ट) 0.85 ते 0.9 ठेवा, पेट्रोलच्या स्केलवरचे आकडे ई-20 ला जुळत नाहीत, म्हणून लॅम्डाच वाचा. नुसतं नॉकिंग झाकायला मिश्रण फार घट्ट करू नका. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरवरचं ऑइल धुऊन काढतं, आणि टायमिंगची चूक तशीच आत राहते.

पॉइंटची गॅप, टायमिंग लाइटवर आलेले अंश आणि पुलीची खूण खरी निघाली की खोटी, एवढं आधी बघून इथे लिहा. सोबत मेन जेटवरचा आकडाही टाका, मग पुढची पायरी कोणती घ्यायची ते बोलू.