रेकॉर्डची बाजू संपताना ‘स’ आणि ‘श’ फरफरतात. कार्ट्रिज नीट कसं बसवावं?

सुई नवी आहे, पहिली गाणी स्वच्छ वाजतात आणि बाजू संपत आली की गायकाचा ‘स’ फरफरतो, असं तुम्ही लिहिलंय. मग पहिला संशय कार्ट्रिजच्या, म्हणजे टोनआर्मच्या टोकाला स्क्रूने बसवलेल्या, सुई धरणाऱ्या छोट्या डब्याच्या बसण्यावरच घ्या.

मूळ तबकडी कापणारं यंत्र काठापासून मध्याकडे सरळ रेषेत सरकतं. आपला टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, एका टोकाशी अडकलेला, त्यामुळे सुई कंसात फिरते. ती खाचेला अगदी बरोबर बसते फक्त दोन ठिकाणी. बाकी सगळीकडे कोन थोडा चुकतोच. त्यातून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या एलपीवर काठाजवळ खाच सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंमी वेगाने जाते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तोच सूर निम्म्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो, म्हणून बाहेर खपून गेलेली चूक आत कानाला टोचते.

ही दोन ठिकाणं नेमकी कुठे असावीत, यावर हौशी मंडळी हिरिरीने भांडतात. लोफग्रेनने १९३८ मध्ये गणित मांडलं, पुढे बेअरवाल्ड आणि स्टीव्हन्सन आले. तुम्ही बेअरवाल्डची ठिकाणं घ्या (तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिमी) आणि कामाला लागा. यातला कुठलाही नीट बसवलेला प्रकार अंदाजाने बसवलेल्या कार्ट्रिजपेक्षा चांगलाच वाजेल.

प्रोट्रॅक्टर, म्हणजे या दोन ठिकाणांच्या खुणा आणि रेषा असलेला कागद, स्वतः छापणार असाल तर छापल्यावर पट्टीने मोजाच. प्रिंटर कागदात मावावं म्हणून चित्र गुपचूप लहान करतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

आधी सुईचा भार कंपनीने सांगितल्याइतका ठेवा, साधारण मूव्हिंग मॅग्नेट (सर्वात रूढ प्रकारच्या) कार्ट्रिजला बहुधा दीड ते दोन ग्रॅम. स्क्रू बोटाने ढकलल्यावर कार्ट्रिज सरकेल इतपतच सैल करा. टर्नटेबल बंद ठेवून सुई अलगद बाहेरच्या खुणेवर टेकवा आणि कार्ट्रिज वळवून रेषांशी जुळवा. मग तबकडी हाताने फिरवून आतल्या खुणेवर तपासा. तिथे तिरकं दिसलं तर कार्ट्रिज केसभर पुढे किंवा मागे घेऊन पुन्हा बाहेरून सुरुवात करा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता नाही.

बघायचं मात्र कँटिलिव्हरकडे, म्हणजे सुई जिच्या टोकाला असते त्या बारीक काडीकडे. बहुतेक जण कार्ट्रिजचा चौकोनी डबा रेषेत आणून खूश होतात. डब्यात ती काडीच किंचित वाकडी बसलेली असू शकते, आणि खाचेला डब्याशी काही देणंघेणं नसतं. भिंग आणि टॉर्च घ्या.

जुळलं की सुईवर टोपण घालून दोन्ही स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा, नाहीतर शेवटच्या पिळाला कार्ट्रिज फिरतं. नंतर भार पुन्हा मोजा, कारण कार्ट्रिज पुढे सरकलं की तो वाढतो. अँटिस्केटिंग (टोनआर्मला मध्याकडे ओढणाऱ्या जोराला तोलणारी सोय) भाराच्या आकड्याइतकं ठेवलं तरी सुरुवातीला पुरे. समोरून पाहिल्यावर कार्ट्रिज एका बाजूला झुकलेलं नसावं.

एवढं करूनही फरफर राहिली, तर दुसरी, कमी वाजलेली रेकॉर्ड लावून बघा. झिजलेल्या सुईने आतल्या खाचा एकदा खरवडल्या गेल्या असतील, तर त्या रेकॉर्डचा ‘स’ कुठल्याही अलाइनमेंटने परत येत नाही.