नागपुरात बसून नाइन बॉलची जागतिक स्पर्धा कशी फॉलो करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्रांसोबत पार्लरमध्ये पूल खेळता, आता जागतिक नाइन बॉल स्पर्धा बघावीशी वाटते, पण सव्वाशेवर खेळाडू, एकाच वेळी कितीतरी टेबलं आणि एकही नाव ओळखीचं नाही. मग सुरुवात कुठून करायची आणि कोणाला फॉलो करायचं?

एकाच खेळाडूला धरा. पहिल्या फेरीपासून तो हरून घरी जाईपर्यंत त्याचा पिच्छा सोडू नका. आणि त्याचा सामना बघताना नजर पांढऱ्या बॉलवर ठेवा, रंगीत बॉलवर नाही.

हे दुसरं मला नागपूरच्या सदर भागातल्या एका पार्लरमधल्या मार्करनं, म्हणजे टेबलं सांभाळणाऱ्या माणसानं, शिकवलं. साठीच्या पुढचे होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. कॉलेजच्या दिवसांत मी जोरात बॉल मारायचो, पॉकेटचा आवाज आला की खूश व्हायचो. एक दिवस मामांनी खिशातून रुपयाचं नाणं काढलं, कापडावर एका जागी ठेवलं आणि म्हणाले, "बॉल नाही गेला तरी चालते, पांढरा इथं थांबला पायजे." मी बॉल घातला आणि पांढरा हातभर पुढे गेला. मामांनी बॉल परत जागेवर ठेवला. पुन्हा तेच. तासभर आम्ही त्या एका नाण्यावर घालवला. निघताना म्हणाले, "रंगीत कुठं जाते ते तं पोट्टेबी सांगतात. पांढऱ्याले पाह्य ना बे."

नाइन बॉलमध्ये याला इतकं महत्त्व का, ते सांगतो. एक ते नऊ नंबरचे बॉल असतात आणि टेबलावरच्या सगळ्यात लहान नंबरला पांढरा आधी लागलाच पाहिजे. नऊ नंबर कायदेशीर फटक्यात गेला की रॅक, म्हणजे तो एक डाव, तुमचा. म्हणजे पुढचा बॉल कोणता, हे आधीच ठरलेलं असतं. स्नूकरमध्ये लाल झाल्यावर रंग निवडायची मोकळीक असते, इथे ती नाही. समजा तीन, चार आणि पाच नंबर उरलेत. तीन घालणं सोपं आहे. पण तीन घातल्यावर पांढरा चारच्या कोणत्या बाजूला थांबतो, त्यावर पाचचं भवितव्य ठरतं. चारला पांढरा अगदी सरळ रेषेत लागला तर आपल्यासारख्याला वाटतं, वा, सोपा बॉल! पण सरळ फटक्यानंतर पांढरा फक्त त्याच रेषेत पुढे किंवा मागे जातो. पाच जर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर फसलाच. थोडा कोन ठेवून थांबलात, तर पांढरा चारला लागून कुशनवर, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेवर, जातो आणि आपसूक पाचकडे येतो. म्हणून मोठे खेळाडू फटका मारल्यावर नाराजीनं मान हलवतात, तेव्हा बॉल गेलेला असतो आणि लोक टाळ्या वाजवत असतात. त्यांना हवा होता तो कोन मिळालेला नसतो. तेवढं कळायला लागलं की सामना वेगळाच दिसू लागतो.

आता एकच खेळाडू का? स्पर्धेच्या बांधणीमुळे. अलीकडे जागतिक स्पर्धेत १२८ खेळाडू असतात. सुरुवात दुहेरी बाद पद्धतीनं होते. एक सामना हरलात तरी संपत नाही, हरलेल्यांच्या बाजूला जाता. तिथे हरलात की बॅग भरा. यातून ६४ उरले की मग सरळ बाद फेरी. सुरुवातीला जो आधी ९ रॅक जिंकेल त्याचा सामना, पुढे ११ आणि २०२४ पासून अंतिम सामना १५ रॅकचा. फक्त फायनल बघणाऱ्याला हरलेल्यांच्या बाजूचे ते सामने दिसतच नाहीत, आणि खेळाचा जीव तिथे आहे. कोपऱ्यातलं टेबल, बघायला कोणी नाही, समालोचन नाही, आणि एक मोठा खेळाडू ८–८ वर उभा असतो. त्या वेळी त्याचा हात कसा चालतो, ते बघा. त्याच आठवड्याच्या शेवटी तोच माणूस दिव्यांखाली खेळताना दिसला, तर त्यानं काय पार केलंय ते तुम्हाला ठाऊक असतं.

कोणाला धरायचं? नव्या माणसाला मी कार्लो बियाडो सुचवतो. फिलिपिन्सचा, तरुणपणी गोल्फच्या मैदानावर कॅडीचं काम करायचा. २०१७ मध्ये दोहात जगज्जेता झाला. २०१८ मध्ये पुन्हा अंतिम फेरीत आला आणि तेव्हा एकवीस वर्षांच्या असलेल्या जर्मनीच्या जोशुआ फिलरकडून हरला. २०२१ मध्ये पूलची यूएस ओपन जिंकली, आणि २०२५ मध्ये सौदी अरेबियातल्या जेद्दाहमध्ये फेडर गोर्स्टला १५–१३ हरवून आठ वर्षांनी पुन्हा जगज्जेता. त्याचा खेळ शिकणाऱ्यासाठी चांगला, कारण घाई नाही, पांढऱ्याचा प्रवास छोटा असतो आणि का मारलं ते कळतं. फिलर बघायला फार गोड वाटतो, पण तो इतका भराभर खेळतो की विचार पूर्ण व्हायच्या आत पुढचा बॉल गेलेला असतो. त्याला दुसऱ्या वर्षी धरा.

गोर्स्ट मात्र सोडू नका. मॉस्कोचा मुलगा, २०१९ मध्ये एकोणीस वर्षांचा असताना जिंकला. आता अमेरिकेकडून खेळतो आणि २०२४ मध्ये जेद्दाहमध्ये अल्बेनियाच्या एक्लेंट काचीला १५–१४ असं शेवटच्या रॅकमध्ये हरवून दुसऱ्यांदा जिंकला. त्या स्पर्धेची एकूण बक्षीस रक्कम दहा लाख डॉलर होती आणि विजेत्याला अडीच लाख. इतके पैसे एका रॅकवर लटकलेले असताना माणूस खडू कसा लावतो, हेसुद्धा बघण्यासारखं असतं.

फिलिपिन्सचं नाव निघालं की एफ्रेन रेयेस आलेच. मनिलातल्या पूल हॉलमध्ये वाढलेला हा माणूस लहानपणी टेबलावरच झोपायचा. १९८५ मध्ये तो अमेरिकेत ह्यूस्टनला गेला आणि ओळखला जाऊ नये म्हणून सीझर मोरालेस या नावानं स्पर्धेत उतरून ती जिंकला. १९९९ मध्ये कार्डिफला जगज्जेता झाला. त्याचे जुने सामने नेटवर सहज मिळतात. अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध १९९५ चा एक फटका शोधा: समोरचा बॉल पूर्ण झाकलेला, तरी पांढरा दोन कुशन घेऊन येतो, बॉल पॉकेटमध्ये घालतो आणि स्वतः पुढच्या बॉलसाठी नीट जागेवर थांबतो. पुढच्या वर्षी हाँगकाँगमध्ये हेच दोघे आधी १२० रॅक जिंकायच्या सामन्यात भिडले, एक लाख डॉलरसाठी, आणि रेयेसनं १२०–११७ असा जिंकला. ते बघितल्यावर आजचे फिलिपिनो खेळाडू अडकलेल्या जागी इतके शांत का असतात, ते लगेच कळतं.

बघण्याआधी दोन गोष्टी तपासून ठेवा. ब्रेक, म्हणजे रॅकचा पहिला फटका, जिंकणाऱ्याचा आहे की आलटून पालटून. जिंकणाऱ्याचा असेल तर एक माणूस खुर्चीत बसूनच पाच-सहा रॅक गमावू शकतो, आणि त्याचं धैर्य हाच सामना असतो. दुसरी गोष्ट बॉल कसे मांडतात त्याची, त्या मांडणीलाही रॅकच म्हणतात. अलीकडे बऱ्याच स्पर्धांत नऊ नंबर स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवतात, म्हणजे सगळा रॅक थोडा पुढे सरकतो. पूर्वी एक नंबर स्पॉटवर असताना कडेचा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये जवळजवळ ठरल्यासारखा जायचा. आता तसं होत नाही, एक नंबर बाजूच्या पॉकेटमध्ये घालायची धडपड दिसते. ब्रेकनंतर पुश आउट म्हटलं तर गोंधळू नका. ब्रेकनंतरच्या पहिल्या फटक्यात खेळाडू सांगून पांढरा कुठेही सरकवू शकतो, कशालाही न लागता. मग समोरचा ठरवतो की इथून मी मारू की तूच मार. दोघांनी एकमेकांना जोखायची ती जागा असते.

वेळेचं म्हणाल तर जेद्दाह आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, त्यामुळे तिथली संध्याकाळ आपल्याला जेवणानंतर मिळते, फार त्रास नाही. इंग्लंडमधली स्पर्धा उन्हाळी वेळेत असेल तर साडेचार तासांचा फरक, फायनल मध्यरात्रीपर्यंत रेंगाळते. अमेरिकेची असेल तर सकाळी तर्री पोहे खाताना आदल्या रात्रीचे सामने बघा. मात्र आधी मोबाइलवर निकाल उघडू नका. स्पर्धा भरवणाऱ्या मॅचरूम पूलच्या यूट्यूब चॅनेलवर बरंच काही सापडतं.

आणि एक वही करा. मी वहीत प्रत्येक रॅकला एक ओळ देतो. ब्रेकवर काही गेलं नाही तर शून्य, पुश आउटला प, सेफ्टीला, म्हणजे बॉल न घालता समोरच्याला अडकवणाऱ्या फटक्याला, स, आणि चुकला तर कितव्या बॉलवर चुकला तो आकडा. पाच-सहा सामन्यांनंतर ओळींमधून माणूस दिसायला लागतो. एखादा सगळीकडे चुकतो, एखादा फक्त पुढे असताना. हे समालोचक सांगत नाहीत.

आपल्या पार्लरशी तुलना करताना निराश होऊ नका, एवढं कळकळीनं सांगतो. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीस डिग्रीत कूलर चालू असतो. त्या दमट हवेनं कापड ओलसर होतं, बॉल जड चालतो आणि कुशनवरून कोन आखूड येतो. शिवाय कित्येक ठिकाणी टेबल सात-आठ फुटी. तिथे स्पर्धेत नऊ फुटी टेबल, घट्ट विणीचं नवं कापड, एसी हॉल आणि चार इंचांची पॉकेट. त्यांचा बॉल काचेवरून गेल्यासारखा सरकतो. मी एकदा बियाडोचा एक स्क्रू फटका, म्हणजे पांढरा मागे आणणारा, बघून दुसऱ्या दिवशी तसाच मारायला गेलो, पांढरा वीतभर मागे आला आणि थांबला. हात वाईट म्हणून नाही, कूलर समोरच होता. आपल्या टेबलाची चाल आपण वेगळी शिकायची.

या खेळात आपलं काय, असं कोणी विचारलं तर सांगा की स्नूकर १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये जन्मलं, नागपूरहून तीनशे किलोमीटरच्या आत. आणि भारताचे पहिले जगज्जेते विल्सन जोन्स पुण्याचे, १९५८ मध्ये बिलियर्ड्समध्ये.

मी स्वतः कोणाला धरलं होतं, तेही सांगतो. शेन व्हॅन बोनिंगला. अमेरिकेतल्या साउथ डकोटाचा, जन्मापासून ऐकू फार कमी येतं, श्रवणयंत्र वापरतो आणि खेळताना ते बंदही करतो. यूएस ओपन पाच वेळा जिंकलेला, पण जागतिक किताब हाती लागत नव्हता. २०१६ च्या फायनलला ऑस्ट्रियाच्या अल्बिन ओशानकडून हरला, तेव्हा मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला तो पुन्हा फायनलला आला आणि समोर पुन्हा ओशान. तारीख होती १० एप्रिल, रामनवमी. कोरोनामुळे दोन वर्षं नुसती मंदिराच्या आत उरकलेली पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा त्या दिवशी रस्त्यावर आली होती. मी आईला घेऊन गेलो होतो. गर्दीतून परत येईपर्यंत पाय भरून आले होते. आई झोपली, मी गच्चीवर मोबाइल आणि वही घेऊन बसलो. खाली लांबवर कुठेतरी डीजे अजून वाजत होता आणि स्क्रीनवर तो माणूस, ज्याला कदाचित काहीच ऐकू येत नव्हतं, पांढरा बॉल एकेका ठरलेल्या जागी आणून थांबवत होता. १३–६. त्या पानावरच्या त्याच्या ओळी मी नंतर मोजल्या, तर चुकलेल्याचे आकडे इतके थोडे होते की पान अर्धं कोरंच दिसत होतं.

मामा तेव्हा नव्हते. सकाळी सदरला गेलो आणि पार्लर उघडणाऱ्या पोराला निकाल सांगितला. तो म्हणाला, "कोण जिंकला म्हणता भाऊ?" मी खिशातून रुपया काढून कापडावर ठेवला आणि त्याला म्हटलं, ये इकडे, दाखवतो.