शब्दांची कुळे आणि तोतये : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डब्ल्यू आणि आर या अक्षरांनी सुरू होणारे इंग्रजी शब्द लिहिताना डब्ल्यू हमखास राहून जातो. तो उच्चारायचाच नाही, तर लक्षात कसा ठेवायचा?

उत्तर : यादी घोकू नका, अर्थ बघा. पिळणे म्हणजे रिंग, पिरगळणे म्हणजे रेंच (नट फिरवायच्या पान्यालाही हेच नाव), वळवळणे म्हणजे रिगल, वेदनेने अंग पिळवटणे म्हणजे राइद. सुरकुती म्हणजे रिंकल, कुस्ती खेळणे म्हणजे रेसल, गुंडाळणे म्हणजे रॅप, गोल वळवून केलेले पुष्पचक्र म्हणजे रीथ. हात जिथून फिरतो ते मनगट म्हणजे रिस्ट, आणि तोंड वाकडे करून हसलेले हसू ते राय स्माइल. सगळीकडे पीळ, वळण नाहीतर वाकडेपणा आहे. चूक या अर्थाचा राँगसुद्धा मुळात ‘वाकडा’च, तो जुन्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. तेव्हा अर्थात पीळ दिसला की सुरुवातीला डब्ल्यू असण्याचा संभव दाट, असे धरून चालावे.

हा नियम नव्हे, आधार आहे. लिहिणे या अर्थाचा राइट त्यात बसत नाही. त्याचा मूळ अर्थ ओरखडणे, कोरणे असा होता. मोडतोड या अर्थाचा रेक आणि रेन हा चिमुकला पक्षीही बाहेरचेच. असे अपवाद थोडे आहेत, ते वेगळे पाठ करावेत.

खरी अडचण जोड्यांची आहे. डब्ल्यू गाळला तरी उरलेला शब्द बहुतेक वेळा अर्थपूर्णच असतो. पिळण्याचा रिंग घंटी वाजवण्याचा रिंग होतो, गुंडाळण्याचा रॅप टकटक करण्याचा होतो, हिसकावून घेण्याचा रेस्ट विश्रांतीचा होतो. त्यामुळे संगणकाचा स्पेलिंग तपासनीस बऱ्याचदा गप्प बसतो. भूतकाळातही घोळ होतो. घंटीच्या रिंगची रूपे रँग आणि रंग अशी दोन, पण पिळण्याच्या रिंगचे दोन्हीकडे रंग हे एकच, अर्थात डब्ल्यूसकट. कपडे पिळले हे सांगताना रँग लिहिले की चुकलेच.

प्रश्न : प्रोसीड, प्रिसीड, सुपरसीड. शेवट कानाला एकच, स्पेलिंग मात्र तीन प्रकारचे. कोणते कुठे?

उत्तर : हे एकदाच नीट लावून घेतले की पुन्हा बघावे लागत नाही. सी-ई-ई-डी असा शेवट फक्त तीन क्रियापदांना आहे : सक्सीड (यशस्वी होणे, किंवा कुणाच्या मागून पदावर येणे), प्रोसीड (पुढे जाणे) आणि एक्सीड (मर्यादा ओलांडणे). त्यांची आद्याक्षरे एस, पी, ई. स्पीड या शब्दाची सुरुवात तीच, आणि त्याच्या शेवटीही दोन ई आणि डी.

एस-ई-डी-ई असा शेवट एकट्या सुपरसीडला. बाकीच्यांना सी-ई-डी-ई : प्रिसीड (आधी येणे), कन्सीड (नाइलाजाने मान्य करणे), रिसीड (ओसरणे), सिसीड (संघातून फुटून निघणे), इंटरसीड (मध्यस्थी करणे), अ‍ॅक्सीड (मागणी मान्य करणे). हे सगळे आणि वरचे तिघेही ‘जाणे, वाट देणे’ या लॅटिन क्रियापदाचे वंशज. सुपरसीडचे कूळ वेगळे : सेदेरे, म्हणजे बसणे. संसद, सदन, परिषद यांतला संस्कृत सद् धातू त्याचाच भाऊबंद. जुन्या नियमाच्या डोक्यावर नवा येऊन बसतो तो सुपरसीड. बैठे ते सेडेंटरी. तळाशी बसलेला गाळ तो सेडिमेंट. सगळीकडे एस आहे हे बघा.

एक खड्डा सांभाळा. प्रोसीडमध्ये दोन ई आहेत म्हणून प्रोसीजरमध्येही दोन लिहिले जातात. तिथे सीनंतर एकच ई.

प्रश्न : सारख्या अक्षरांचे शब्द एकत्र पाठ केले तर लवकर होतात का?

उत्तर : अर्थाने एका कुळातले असतील तर होतात. नुसते दिसायला सारखे असतील तर उलटे होते. अ‍ॅफेक्ट आणि इफेक्ट, अ‍ॅडव्हर्स (प्रतिकूल) आणि अ‍ॅव्हर्स (नाखूश), कॉम्प्लिमेंटची दोन स्पेलिंगे (मध्ये ई तो पूरक, आय तो प्रशंसेचा), असल्या जोड्या एकाच बैठकीत घेतल्या की दोन्ही शब्द कळतात, पण कोणता कोणता ते कळत नाही. आधी एकच घ्या, त्याची दोन-तीन वाक्ये करा, तो वापरात रुळला की दुसरा. वही वर्णक्रमाने न ठेवता कुळाप्रमाणे ठेवावी : वर समान अक्षरे आणि त्यांचा अर्थ, खाली चार-पाच शब्द, शेजारी मराठी अर्थ, आणि समासात अपवाद. अर्थ झाकून शब्द आठवा, मग शब्द झाकून अर्थ. नुसते वाचत राहिल्याने येते आहे असे वाटते, आणि ऐनवेळी आठवत नाही.

प्रश्न : पी-ई-डी म्हणजे पाय असे शिकलो. मग पीडिअ‍ॅट्रिक्स बालरोगांचे शास्त्र कसे?

उत्तर : कारण इथे दोन कुळे एकाच वेषात फिरत आहेत. लॅटिन पेड म्हणजे पाय, आपल्या ‘पद’चा सख्खा नातलग. पेडल, पेडेस्ट्रियन (पादचारी, विशेषण म्हणून वापरले की रटाळ, सामान्य), बायपेड (द्विपाद), इंपीड (अडथळा आणणे, मुळात पायात बेडी घालणे) आणि त्याच्या उलट एक्स्पडाइट (काम मार्गी लावणे, मुळात पाय मोकळे करणे) ही त्याची मंडळी. पेडिग्रीसुद्धा यातलाच : वंशावळीत काढलेल्या रेघा फ्रेंचांना क्रौंच पक्ष्याच्या पायासारख्या दिसल्या, त्यावरून तो शब्द आला.

दुसरे कूळ ग्रीक, अर्थ मूल किंवा त्याचे शिक्षण. पीडिअ‍ॅट्रिक्स, पेडागॉजी (अध्यापनशास्त्र), एन्सायक्लोपीडिया त्यातले. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये पी-ए-ई-डी दिसले की मूल समजा. अमेरिकन स्पेलिंगमध्ये ए गळतो आणि खूण पुसली जाते. पेडागॉजीत तर दोन्हीकडे तो नसतोच. सगळ्यांत फसवा शब्द ऑर्थोपेडिक्स. हाडांचा डॉक्टर म्हटल्यावर पायच आठवतो, पण तो मुलांच्या कुळातला आहे. 1741 साली निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने ‘सरळ’ आणि ‘मूल’ या ग्रीक शब्दांपासून तो घडवला. मुलांच्या शरीरातले व्यंग सरळ करणे हा त्याचा विषय होता.

ग्रीकांचा पाय हवा असेल तर पी-ओ-डी शोधा : ट्रायपॉड, पोडियम. ऑक्टोपसमधला पसही पायच.

प्रश्न : क्यूनंतर यू नाही असे शब्द आहेत का?

उत्तर : आहेत, पण बहुतेक बाहेरून आलेले. अरबीच्या वाटेने निकाब, बुरखा आणि कात ही चघळायची पाने (स्पेलिंग क्यू-ए-टी). चिनीतून ची म्हणजे प्राणशक्ती, स्पेलिंग नुसते क्यू-आय. शब्दखेळात शेवटचे दोन फार उपयोगी पडतात. इराक आणि कतार ही विशेषनामे असल्यामुळे खेळात चालत नाहीत.